टिकाऊ ड्रॉइंग टॅब्लेट निवडताना: आधी पोर्ट बघा, मग बाकीचं

अंबाजोगाईहून एका पालकांनी विचारलं आहे: मुलगी इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा देऊन आता लॅपटॉपवर रंगवायला लागली आहे. पहिला स्वस्तातला टॅब्लेट वर्षभरात वायर लावायच्या जागी ढिला झाला आणि बंद पडला. आता बारा हजारांपर्यंत खर्चायची तयारी आहे, पण वस्तू पाच-सहा वर्षं टिकली पाहिजे. स्क्रीनवाला घ्यावा की साधा?

साधा घ्या. बिनस्क्रीनचा, म्हणजे लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत पेनाने रेखाटायची नुसती पाटी. बिनबॅटरीच्या पेनचा, साधारण १० × ६ इंच रेखाटायची जागा असलेला आणि टाइप-सी पोर्टमध्ये सुटी वायर लागणारा. तुमच्या रकमेत तो बसतो आणि एक जादा पेन व निबची (पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकांची) दोन पाकिटं घेण्याइतके पैसेही उरतात. हे उरलेले पैसे मला टॅब्लेटच्या किमतीइतकेच महत्त्वाचे वाटतात. कारण पुढे येईलच.

टिकाऊपणा म्हटलं की लोक पाटी वाकवून बघतात, नखाने खरवडून बघतात. पण पाटी क्वचितच मोडते. तिच्या आत तांब्याच्या बारीक रेघांचं जाळं असलेला एक सपाट सर्किट बोर्ड असतो. तो चुंबकीय क्षेत्र सोडतो, पेनातली कॉइल त्यावरच ऊर्जा घेते आणि उलट सिग्नल देते. त्यावरून टॅब्लेटला पेनाची जागा आणि दाब कळतो. बाजूची बटणं सोडली तर पाटीत हलणारं काहीच नाही, त्यामुळे झिजण्यासारखंही फार नाही. प्रत्यक्षात बिघाड येतो तो पोर्टमध्ये, वायरीत, पेनात आणि निब फिरते त्या पृष्ठभागावर. आणि सगळं शाबूत असूनही टॅब्लेट निकामी होतो तो ड्रायव्हरमुळे, म्हणजे लॅपटॉपला टॅब्लेट ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे.

पोर्टपासून सुरू करू, कारण तुमचा पहिला टॅब्लेट तिथेच गेला. मायक्रो यूएसबी पोर्ट बोर्डावर काही बारीक पायांनी आणि थोड्याशा कथिलाने धरलेलं असतं. वायर घालून-काढून ते सहसा मोडत नाही. मोडतं ते आडव्या ताणाने. टॅब्लेट मांडीवर, वायर लॅपटॉपकडे ताणलेली, मध्येच कुणाचा पाय अडकतो किंवा टॅब्लेट वायरीसकट दप्तरात कोंबला जातो. प्रत्येक वेळी पोर्टला थोडा हिसका बसतो, कथिलाला चीर पडते आणि मग वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागतो. टाइप-सी पोर्टचं कवच जास्त भक्कम असतं आणि वायर कुठल्याही बाजूने लागते, म्हणून उलटी घुसवण्याची जबरदस्ती होत नाही. एकाच नावाच्या टॅब्लेटच्या जुन्या आवृत्तीत मायक्रो आणि नव्या आवृत्तीत टाइप-सी असं बऱ्याचदा असतं. त्यामुळे नावावर जाऊ नका, खोक्यावरचा पोर्टचा फोटो बघा.

पोर्ट कुठलंही असो, घरी आणल्या आणल्या एक काम करा. वायर पोर्टमध्ये लावा, टॅब्लेटच्या मागच्या बाजूला दोन इंचांचा सैल वळसा द्या आणि तो वळसा कापडी चिकटपट्टीने किंवा वेल्क्रोने पाटीला पक्का करा. आता कुणी वायर ओढली तर ताण पट्टीवर येईल, पोर्टवर नाही. पाच रुपयांच्या या पट्टीने वाचणारे टॅब्लेट महागड्या ब्रँडमुळे वाचणाऱ्या टॅब्लेटपेक्षा जास्त आहेत, असं माझं ठाम मत आहे.

तुमचा जुना टॅब्लेटही टाकून देऊ नका. ढिलं झालेलं पोर्ट बदलणं हे मोबाइल दुरुस्तीवाल्याचं रोजचं काम आहे. अंबाजोगाई, लातूर, परभणी, कुठेही हॉट एअर मशीन असलेला कारागीर ते करू शकतो. त्याला एवढंच सांगा की टॅब्लेटचे स्क्रू बहुतेक वेळा खालच्या रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली दडलेले असतात आणि आतली चपटी रिबन केबल ओढून काढायची नाही, तिचं कुलूप आधी उघडायचं. वॉरंटीत असलेला टॅब्लेट मात्र बाहेर उघडू नका. दुरुस्तीआधी वायर बदलूनही बघा. टॅब्लेटचा दिवा लागतो पण लॅपटॉपला तो दिसत नाही, असं असेल तर बहुधा तुम्ही फक्त चार्जिंगची वायर लावली आहे, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. उलट काही स्वस्त टाइप-सी टॅब्लेट दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरीवर चालतच नाहीत, त्यांना खोक्यात आलेली यूएसबी-ए ते टाइप-सी वायरच लागते. ती जपून ठेवा आणि तशीच डेटावाली दुसरी एक घेऊन ठेवा. धान्य साठवलेल्या घरात उंदीर वायर कुरतडतात, म्हणून काम झालं की वायर काढून डब्यात.

आता पेन. बॅटरीचं किंवा चार्ज करायचं पेन घेऊ नका. त्यातली छोटी लिथियम बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत दम टाकते आणि ती बदलायची सोय नसते. बिनबॅटरीचं पेन पूर्वी बहुतांशी वॅकॉमकडेच मिळायचं, आता ह्युऑन आणि एक्सपी-पेनच्या साध्या टॅब्लेटांतही मिळतं. त्यामुळे बॅटरीवालं घेण्याचं काही कारण उरलेलं नाही. वायरलेस टॅब्लेटचंही तेच. पाटीत बॅटरी आली की म्हातारा होणारा एक भाग वाढला. टेबलावर बसून रंगवणाऱ्याला वायर आड येत नाही.

बिनबॅटरीचं पेन मरतं ते पडल्यामुळे. आत फेराइटची ठिसूळ कांडी आणि दाब मोजणारा नाजूक भाग असतो. शहाबादी फरशीवर पेन टोकावर पडलं की कांडीला तडा जातो. मग कर्सर एका बाजूला सरकलेला दिसतो, किंवा पेन टेकवलं नसतानाही रेघ उमटत राहते. दुसरं लक्षण दिसलं तर घाबरण्याआधी निब ओढून काढा. निब नसताना पेन पाटीच्या वर धरलं आणि रेघ थांबली, तर निब आत अडकली होती. भोकातली धूळ हवेच्या फुंकरीने काढा आणि नवी निब घाला. निब काढूनही रेघ सुरूच असेल तर दाब मोजणारा भाग गेला, नवं पेन घ्यावं लागेल. पेन कधीही टोक खाली करून पेल्यात उभं ठेवू नका. पेनाचं वजन तासन्तास दाबाच्या भागावर राहतं आणि तो हळूहळू चुकीचं वाचन देऊ लागतो. आडवं ठेवा, टेबलाच्या कडेपासून आत.

म्हणूनच ब्रँड निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: या टॅब्लेटचं सुटं पेन भारतात मिळतं का? वेगवेगळ्या मॉडेलांची पेनं बहुधा एकमेकांत चालत नाहीत, एकाच कंपनीची असली तरी. वॅकॉमच्या सीटीएल-४७२ आणि सीटीएल-६७२ला एलपी-१९०के पेन लागतं, तर इंट्युओस सीटीएल-४१००ला एलपी-११००के. ह्युऑन एच६४०पीला पीडब्ल्यू१००. हा क्रमांक टॅब्लेट घेण्याआधी शोधा. सुटं पेन परदेशातूनच येत असेल तर तो टॅब्लेट सोडा, तो कितीही चांगला असला तरी. आणि पेनाची रबरी पकड बघा. आपल्याकडच्या उष्म्यात आणि घामात मऊ रबर काही वर्षांत चिकट होतं, बोटांना काळं लागतं. कडक प्लास्टिकचं पेन जास्त टिकतं. पकड हवीच असेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटला लावतात ती पट्टी एक वेढा गुंडाळा, बटण मोकळं ठेवून. खराब झाली की फेकून नवी लावता येते.

निब ही झिजण्यासाठीच असते, तिच्यासाठी हळहळ नको. ती एका बाजूने घासून छिन्नीसारखी सपाट झाली की तिची धारदार कड पाटीवर चर पाडू लागते. बोटाच्या पेरावर निब फिरवून बघा, कड बोचली तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर गोल फिरवून ती मारा. पेनाबाहेर जेमतेम १ मिलिमीटर उरली की बदलाच, कारण मग पेनाचं प्लास्टिकच पाटीला लागायला लागतं. काढायला खोक्यात धातूची छोटी कडी येते. ती हरवली तर छोट्या चिमट्याने सरळ ओढा, पिळू नका. पाटीवर कागद चिकटवून रंगवणारे बरेच आहेत. कागदाचा खरखरीतपणा छान लागतो आणि या टॅब्लेटांचा सिग्नल कागदातून सहज जातो, पण निब कित्येक पटीने लवकर संपते. त्याऐवजी त्याच मापाची मॅट फिल्म लावा. वॅकॉम इंट्युओस प्रो पीटीएच-६६०मध्ये वरचा पृष्ठभागच बदलता येतो, ही त्या महाग टॅब्लेटची खरी जमेची बाजू. बाकीच्यांत फिल्म हाच उपाय.

आकाराबद्दल. इंटरमिजिएटपर्यंत मुलांचा हात मोठ्या ड्रॉइंग पेपरवर, खांद्यापासून फिरवायला शिकलेला असतो. त्या हाताला ६ × ४ इंचांची पाटी दिली की सगळं मनगटावर येतं. हिशेब सोपा आहे. १५.६ इंचांच्या लॅपटॉपची स्क्रीन ३४५ मिलिमीटर रुंद असते. पाटी १५२ मिलिमीटर रुंद असेल तर हाताची हालचाल स्क्रीनवर सव्वादोन पटीहून मोठी होते, २५४ मिलिमीटर असेल तर साधारण १.३६ पट. हात १ मिलिमीटर थरथरला तर लहान पाटीवर रेघ सव्वादोन मिलिमीटर हलते. म्हणजे लहान पाटीवर रेघ डळमळते ती सरावाच्या अभावी नाही, गुणाकारामुळे. फोटो दुरुस्ती, फ्लेक्सची डिझाइनं, लग्नपत्रिका, एवढंच करायचं असेल तर लहान पाटी पुरते. रंगवायचं असेल तर मध्यम. त्याहून मोठी घ्यायची गरज नाही, टेबल पुरत नाही आणि कीबोर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न येतो.

दाबाच्या पातळ्या, म्हणजे २०४८, ४०९६, ८१९२, १६३८४, यावर पैसे वाढवू नका. २०४८च्या पुढचा फरक हाताला कळत नाही. कळतो तो पहिला स्पर्श: अगदी हलकं टेकवल्यावर रेघ उमटते का, की दाबावं लागतं? जलरंगासारखा पातळ थर देताना सगळं त्यावरच असतं, आणि हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला नसतो. पाटी पेनाची जागा किती बारीक मोजते ते सांगणाऱ्या 'प्रति इंच ५०८० रेषा' या दाव्याचंही तसंच. २५४० रेषांची, १५२ मिलिमीटर रुंद पाटीसुद्धा १५,२०० बिंदू मोजते आणि तुमची स्क्रीन असते १९२० बिंदूंची. पेनाचा कल ओळखण्याची सोय, साधारण ६० अंशांपर्यंत, कोळशाच्या किंवा चपट्या ब्रशच्या कामाला उपयोगी पडते, पण तिच्यावाचून अडत नाही.

स्क्रीनवाल्याला नाही का म्हणतो, तेही सांगतो. स्क्रीन आली की काच, बॅकलाइट, एचडीएमआयची वायर, ॲडॉप्टर आणि स्वतःची उष्णता आली. काच तडकली तर दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या टॅब्लेटइतका जातो आणि पार्सल मराठवाड्याबाहेर पाठवावं लागतं. बारा हजारांत मिळणाऱ्या स्क्रीनचे रंगही फारसे भरवशाचे नसतात. मान खाली घालून बसावं लागतं ते वेगळंच. स्क्रीनकडे बघत पाटीवर हात चालवायची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. रोज अर्धा तास नुसत्या रेघा, वर्तुळं आणि मोठे इंग्रजी आठ काढा, सवय होते.

आयपॅडबद्दल हमखास विचारणा होते. चित्र काढायला तो उत्तम आहे, पण बजेटबाहेर जाईल, आणि दोन गोष्टी ध्यानात घ्या. २०२३मध्ये आलेल्या यूएसबी-सीवाल्या ॲपल पेन्सिलला दाब कळतच नाही. स्वस्त म्हणून ती घेतली तर रंगवण्याचा अर्धा जीव गेला. दुसरं, ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा दिली आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याच्या वरच तापमान असतं. स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. सॅमसंगचा एस-पेनवाला टॅब, उदाहरणार्थ टॅब एस६ लाइट, घेतला तर रेखाटायला पेन चार्ज करावं लागत नाही आणि दाब कळतो. लॅपटॉपच नसेल त्यांच्यासाठी तो चांगला पर्याय आहे. पण बॅटरी आणि उन्हाळा हे गणित तिथेही आहेच.

आपल्याकडच्या विजेचा एक त्रास टॅब्लेटवर आळ म्हणून येतो. तिरकी रेघ सावकाश ओढली की लाटेसारखी थरथरते, आणि लोक टॅब्लेट परत पाठवतात. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून तीच रेघ ओढा. सरळ आली तर दोष अर्थिंगचा. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या सॉकेटात किंवा कन्व्हर्टरवर लावला की चार्जरचा विद्युत गोंगाट यूएसबीतून पाटीपर्यंत येतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती खूणच समजा. तीन पिनांचं खरं अर्थिंग असलेलं सॉकेट वापरा, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते तेव्हा घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला पाणी घाला. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही कधी कधी असंच होतं, तेव्हा लाईट गेलेली असताना लॅपटॉप बॅटरीवर चालवून काम करा.

चार्जर काढूनही थरथर राहिली तर टेबल बघा. लोखंडी पत्र्याच्या टेबलावर, लोखंडी पेटीवर किंवा कॉटवर टॅब्लेट ठेवला की चुंबकीय क्षेत्र बिघडतं. कडेला कर्सर सरकतो, मध्ये ठीक चालतो. खाली लाकडी ड्रॉइंग बोर्ड ठेवा, ग्रेड परीक्षेचा जुना असेल तोच. मोबाइल, स्पीकर आणि चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर वीतभर लांब.

उष्णता बिनबॅटरीच्या पाटीला फारशी मारत नाही, पण बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत खिडकीखाली ठेवली तर प्लास्टिक वाकतं, मागची चिकटपट्टी सुटते. धूळ जास्त घातक. काढणी-मळणीच्या दिवसांत आणि मार्च ते मे वावटळींत येणाऱ्या धुळीत वाळूचे कण असतात, निब ते कण पृष्ठभागावर घासत जाते. काम सुरू करण्याआधी कोरड्या मऊ कापडाने एकदा पुसणं ही सवय लावा. काम संपलं की सुती खोळ. आठवड्यातून एकदा किंचित ओलं कापड चालेल, पण बोअरचं जड पाणी नको, त्याचे पांढरे डाग बसतात. फिल्टरचं पाणी घ्या. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नाही, पृष्ठभाग चकचकीत आणि चिकट होतो. घामासाठी करंगळी आणि अनामिका झाकणारा हातमोजा मिळतो. सुती हातमोज्याची बाकी बोटं कापून घरीही होतो.

ड्रायव्हरमुळे चांगले टॅब्लेट कसे जातात? कंपनी जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर काढणं बंद करते आणि विंडोज पुढे जातं. म्हणून बाजारात नुकत्याच आलेल्या किंवा अजून बनत असलेल्या मॉडेलला प्राधान्य द्या, वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या साठ्याला नको. ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा आणि फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. नवा घालण्याआधी जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर पूर्ण काढून लॅपटॉप रीस्टार्ट करा. दोन ड्रायव्हर भांडले की सगळ्यात आधी दाब जातो, रेघ एकाच जाडीची येते. चित्रं रंगवायला क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात दाब येत नसेल तर सेटिंग्जमधून कॉन्फिगर क्रिटा, तिथे टॅब्लेट सेटिंग्ज, आणि विंटॅब व विंडोज इंक (पेनाचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचवायच्या दोन पद्धती) यांच्यात बदल करून क्रिटा पुन्हा उघडा. पेन टेकवून ठेवल्यावर गोल चक्र येऊन रेघ उशिरा सुरू होत असेल तर विंडोजच्या पेन सेटिंगमधलं 'दाबून धरल्यावर राइट क्लिक' बंद करा.

एक माप मात्र पहिल्याच दिवशी बसवा. १० × ६.२५ इंचांची पाटी म्हणजे २५४ × १५८.८ मिलिमीटर, आणि लॅपटॉपची स्क्रीन १६:९. ड्रायव्हरमध्ये पाटीची उंची १४३ मिलिमीटरवर आणा, खालची १६ मिलिमीटर जागा सोडून द्या. नाही तर हाताने काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर अंडाकृती येतं आणि चेहरे रुंद होतात. खात्रीसाठी पाटीवर काचेची बांगडी ठेवून आतून पेन फिरवा. धातूची नको.

मॉडेल विचाराल तर: एक्सपी-पेन डेको ०१ व्ही२ या वर्णनात बसतो, १० × ६.२५ इंच, टाइप-सी, ८१९२ पातळ्या आणि कल ओळखणारा. वॅकॉमचा मध्यम आकाराचा वन बाय वॅकॉम सीटीएल-६७२ हा २१६ × १३५ मिलिमीटरचा, बटणं नाहीत, कल नाही, २०४८ पातळ्या, पण नाव घेण्यासारखा साधा आणि दणकट. लिनक्स वापरत असाल तर वॅकॉमच घ्या, त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो आणि कंपनीने विंडोजवर सोडून दिलेली जुनी मॉडेलंही तिथे चालतात.

जुना वापरलेला घेणार असाल, तर लॅपटॉप सोबत न्या. चारही कोपऱ्यांत पेन नेऊन कर्सर नेमका तिथे येतो का बघा. फूटपट्टी ठेवून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा, सेकंदाला दोन सेंटिमीटर. रेघ सुरू असताना वायर पोर्टजवळ हळूच हलवा, कर्सर क्षणभर जरी गेला तरी पोर्ट गेलेलं धरा आणि तेवढी किंमत कमी करा. पेन पाटीपासून सेंटिमीटरभर वर धरून स्थिर ठेवा, कर्सर नाचता कामा नये. पाटीच्या मध्ये उजेडात तिरकं बघा, चकाकणारा पट्टा दिसला तर तिथे निब भरपूर फिरली आहे. फिल्म लावून तो चालवता येईल. मूळ पेन सोबत नसेल तर घेऊच नका. नवा घ्याल तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर टॅब्लेटचा सीरियल क्रमांक लिहून घ्या, आणि वॉरंटीच्या कागदावर पेन, वायर आणि निब यांच्याबद्दल काय लिहिलं आहे ते दुकानातच वाचा, कारण तिन्ही बऱ्याचदा वॉरंटीतून वगळलेली किंवा कमी मुदतीची असतात.